नोंद प्रत्येक मृत्यूची : शांततेच्या कार्यात कृत्रिम बुद्धिमत्ता

तहावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि बंदुका खाली ठेवल्या गेल्या, की शांतता प्रस्थापित झाली, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः शांततेच्या कार्याला तेथून केवळ आरंभ होतो. ज्या घरातील मुलगा एका रात्री कोणीतरी उचलून नेला आणि तो पुन्हा परतला नाही, त्या घराच्या दृष्टीने युद्ध संपलेले नसते. तो जिवंत आहे की मृत, त्याला कोणी नेले आणि कशासाठी नेले, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या घराला धड शोकही करता येत नाही. अशी घरे हजारोंच्या संख्येने असली म्हणजे त्यांच्या मनातील संशय व संताप पुढील संघर्षाचे बीज ठरतो. म्हणूनच गेल्या चार दशकांत अनेक देशांनी यादवीच्या अखेरीस सत्यशोधन आयोग नेमले.

अशा आयोगांपुढील पहिला प्रश्न वरकरणी अगदी साधा असतो : एकूण किती माणसे मारली गेली? परंतु याच प्रश्नावर सर्वाधिक वाद माजतो. शासन एक आकडा सांगते, बंडखोर दुसरा, तर मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था तिसराच. प्रत्येक पक्ष आपले मृत मोजतो आणि दुसऱ्याचे विसरतो. या परस्परविरोधी नोंदींतून विश्वासार्ह चित्र उभे करण्याच्या कामी अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेण्यात येऊ लागले आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशाने केलेला प्रयोग या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

करार आणि आयोग

कोलंबियातील सशस्त्र संघर्ष अर्धशतकाहून अधिक काळ चालला. १९६४ साली स्थापन झालेली 'फार्क' ही डाव्या विचारांची बंडखोर संघटना, तिच्याखेरीज अन्य गनिमी गट, जमीनदार व अमली पदार्थांचे व्यापारी यांच्या आश्रयाने वाढलेल्या निमलष्करी टोळ्या आणि शासनाची सशस्त्र दले, असे या संघर्षाचे अनेक पदर होते. राष्ट्राध्यक्ष हुआन मान्युएल सांतोस यांच्या शासनाने फार्कशी केलेला करार २ ऑक्टोबर २०१६ रोजी जनमतासाठी मांडण्यात आला, तेव्हा तो अत्यल्प मताधिक्याने फेटाळला गेला. त्यात दुरुस्त्या करून २४ नोव्हेंबर २०१६ रोजी बोगोटा येथे अंतिम करारावर स्वाक्षऱ्या करण्यात आल्या.

या करारानुसार तीन संस्था अस्तित्वात आल्या : सत्यशोधन आयोग, युद्धकाळातील गुन्ह्यांची सुनावणी करणारे विशेष शांतता न्यायालय आणि बेपत्ता व्यक्तींचा शोध घेणारा विभाग. जेसुइट धर्मगुरू फ्रान्सिस्को दे रू यांच्या अध्यक्षतेखाली आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये कामास प्रारंभ केला. देशभर फिरून आयोगाने चौदा हजारांहून अधिक मुलाखती घेतल्या. तथापि, ज्यांच्या घरात बोलण्यासाठी कोणी उरलेच नव्हते त्यांची साक्ष कोण देणार, हा प्रश्न शिल्लकच होता.

एकशे बारा याद्या

आयोग, विशेष न्यायालय आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील 'ह्युमन राइट्स डेटा ॲनालिसिस ग्रुप' ही संस्था यांनी त्यासाठी एक संयुक्त प्रकल्प हाती घेतला. पॅट्रिक बॉल यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेला अनेक देशांतील सत्यशोधनाच्या कामाचा अनुभव होता. प्रकल्पासाठी ४४ संस्थांकडून ११२ माहितीसंच मिळविण्यात आले. शासकीय कार्यालये आणि पीडितांसाठी काम करणाऱ्या संघटना, अशा दोन्ही प्रकारच्या संस्थांच्या नोंदी त्यांत होत्या.

या याद्यांची नुसती बेरीज करणे अर्थातच चुकीचे ठरले असते. एकाच मृत्यूची नोंद पोलिसांकडे, न्यायवैद्यकीय खात्याकडे आणि एखाद्या स्वयंसेवी संस्थेकडेही असू शकते. शिवाय तीनही ठिकाणी नाव सारखेच लिहिलेले असेल याचा भरवसा नसतो. ही अडचण महाराष्ट्रातील वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर 'दत्तात्रय', शिधापत्रिकेवर 'दत्ता' आणि मतदारयादीत 'दत्तू' असलेला एकच शेतकरी आपल्या परिचयाचा असतो. कोलंबियात व्यक्तीला वडिलांकडचे आणि आईकडचे अशी दोन आडनावे असतात. कोठे दोन्ही लिहिली जातात, कोठे एकच. एका यादीत अपहरणाची तारीख असते, तर दुसरीत प्रेत सापडल्याची. एकीत माणूस राहत होता त्या गावाचे नाव, तर दुसरीत जेथे त्याला मारले त्या गावाचे.

अशा दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत किंवा नाहीत, हे अनुभवी माणूस विचारपूर्वक सांगू शकतो. अडचण आहे ती संख्येची. दहा लाख नोंदींतील प्रत्येक नोंद इतर प्रत्येक नोंदीशी ताडून पाहावयाची म्हटले, तर जवळजवळ पन्नास हजार कोटी जोड्या तपासाव्या लागतात. हे काम मनुष्यबळाने होणे अशक्य होय.

यंत्र कसे शिकते?

येथे यंत्र उपयोगी पडते, परंतु ते आरंभी स्वतः काहीच जाणत नाही. प्रथम जाणकार माणसे नोंदींच्या अनेक जोड्या डोळ्यांखालून घालतात आणि प्रत्येकीवर 'एकच व्यक्ती' किंवा 'भिन्न व्यक्ती' असा शेरा देतात. या उदाहरणांवरून संगणक आडाखे बांधतो. आडनावातील एका अक्षराच्या फरकाला किती महत्त्व द्यावे, तारखेतील दोन दिवसांच्या तफावतीला किती आणि गावाच्या भेदाला किती, हे तो शिकत जातो. ज्या जोड्यांत साम्याचा लवलेशही नाही त्या आधीच बाजूला काढल्या जातात. उरलेल्या जोड्यांना शिकविलेल्या रीतीने तपासून एकाच माणसाच्या सर्व नोंदी एकत्र आणल्या जातात. निकाल पुन्हा माणसे तपासतात. चुका आढळल्या की यंत्राला नवी उदाहरणे दिली जातात. गुरूने गिरवून दिलेल्या कित्त्यावर शिष्याने हात बसवावा, तसा हा प्रकार आहे. कित्ता चुकला तर अक्षरही चुकणार, हे ओघानेच आले.

एकत्र आलेल्या नोंदींतही अनेक रकाने रिकामे असतात. बळी पडलेली व्यक्ती कोणत्या समाजाची होती, मारणारे कोण होते, तो मृत्यू सशस्त्र संघर्षातला होता की अन्य गुन्ह्यातला, याचा उल्लेखच नसतो. रिकाम्या रकान्यांच्या नोंदी वगळल्या तर ज्यांच्याविषयी कमी लिहिले गेले तेच लोक हिशेबातून गळतात. असे लोक बहुधा दुर्गम भागातील आणि गरीब असतात. म्हणून त्याच काळातील व त्याच भागातील इतर नोंदींच्या आधारे या रकान्यांत काय असण्याचा संभव आहे, याचा संगणकाने अंदाज केला. हा अंदाज एकदाच न करता प्रत्येक संचासाठी शंभर वेळा करण्यात आला. शंभर उत्तरे एकमेकांशी जुळली तर निष्कर्ष पक्का. ती विखुरली तर तो तितकाच डळमळीत, असे मानण्यात आले. अमुक एका खुनासाठी अमुक एक माणूस जबाबदार आहे असे या पद्धतीने ठरविता येत नाही आणि तसे कोणी ठरवूही नये. समूहाचे चित्र देणे एवढेच तिचे काम आहे.

सिंगूरपासून लिमापर्यंत

सर्व याद्या एकत्र केल्यावरही, जे कोणत्याच यादीत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतो. याचे उत्तर शोधण्याच्या शास्त्रात एका भारतीय संख्याशास्त्रज्ञाचा मोलाचा वाटा आहे. बंगालमधील सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसरात जन्ममृत्यूंची शासकीय नोंद आणि घरोघर जाऊन केलेली पाहणी, अशा दोन याद्या ताडून सी. चंद्रशेखरन यांनी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्यासमवेत १९४९ साली एक पद्धत मांडली. चेंबूर येथे १९५६ साली स्थापन झालेल्या लोकसंख्याशास्त्र प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे ते पुढे संचालक झाले. तेच केंद्र आज देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

या पद्धतीचे मर्म छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका गावातील मृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या आहेत. पहिलीत ६० नावे, दुसरीत ५० आणि दोन्हींत समान असलेली ३०. म्हणजे दुसऱ्या यादीतील ५० पैकी ३० जण पहिल्या यादीला सापडले होते. पहिल्या यादीचा आवाका पाचात तीन एवढा आहे. तेव्हा तिच्यातील ६० नावे हा एकूण मृत्यूंचा पाचात तीन हिस्सा धरला, तर एकूण मृत्यू १०० होतात. दोन्ही याद्या मिळून ८० नावे कळली. २० मृत्यू कोणालाच दिसले नाहीत. समान नावे जितकी कमी, तितका अदृश्य राहिलेला भाग मोठा. प्रत्यक्षात याद्या परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र नसतात. म्हणून दोनऐवजी अनेक याद्या घेऊन अधिक गुंतागुंतीचे गणित करावे लागते.

पेरू देशाच्या सत्यशोधन आयोगाने २००३ साली ही पद्धत वापरली. आयोगाकडे सुमारे २४ हजार मृतांची व बेपत्तांची नोंद होती. अंदाज मात्र ६९,२८० निघाला. बळींपैकी ७५ टक्के लोकांची मातृभाषा केचुआ किंवा अन्य एखादी मूलनिवासी भाषा होती. राजधानी लिमापासून दूर, डोंगराळ मुलुखातील या माणसांचे मरण शहरी पेरूच्या लक्षातही आले नव्हते. या अंदाजावर २०१९ मध्ये एका अभ्यासकाने आक्षेप घेऊन सुमारे ४८ हजारांचा आकडा मांडला आणि त्यावर शास्त्रीय वाद झडला. असा वाद होणे इष्टच आहे. कारण पद्धत उघड केलेली असली म्हणजेच ती तपासता येते.

आकड्यांनी काय सांगितले?

कोलंबियाच्या सत्यशोधन आयोगाने २८ जून २०२२ रोजी आपला अंतिम अहवाल जाहीर केला. १९८५ ते २०१८ या काळात सशस्त्र संघर्षात ४,५०,६६४ माणसे मारली गेली, असा निष्कर्ष त्यात नमूद आहे. नोंदच न झालेले मृत्यू विचारात घेतले, तर ही संख्या आठ लाखांपर्यंत जाऊ शकते. यापूर्वी, २०१३ साली, राष्ट्रीय ऐतिहासिक स्मृती केंद्राने १९५८ ते २०१२ या प्रदीर्घ काळासाठी किमान २,२०,००० मृत्यूंचा आकडा दिला होता. त्याहून कमी वर्षांच्या काळात दुपटीहून अधिक माणसे दगावली होती, हे नव्या मोजणीने दाखवून दिले. याखेरीज १९८५ ते २०१६ या काळात १,२१,७६८ व्यक्ती बळजबरीने बेपत्ता करण्यात आल्या, १९९० ते २०१८ या काळात ५०,७७० जणांचे अपहरण झाले आणि १९९० ते २०१७ या काळात १६,२३८ मुलांना सशस्त्र गटांत ओढण्यात आले, असेही आढळले.

हत्यांपैकी ४५ टक्के निमलष्करी टोळ्यांनी, २७ टक्के गनिमी गटांनी आणि १२ टक्के शासकीय यंत्रणांनी केल्याचे या विश्लेषणातून दिसून आले. म्हणजे कोणत्याही एका पक्षाला आपले हात निर्मळ आहेत असे म्हणण्यास जागा उरली नाही. शांततेच्या दृष्टीने या मोजणीचे महत्त्व येथेच आहे. व्यक्तींची ओळख उघड होणार नाही अशा रूपात ही माहिती पुढे अभ्यासकांसाठी खुली करण्यात आली.

नोंदच खोटी असेल तर?

यंत्र नोंदी वाचते, परंतु नोंद करणाराच खोटे लिहीत असेल तर काय? कोलंबियाला या प्रश्नाचा दाहक अनुभव आला. २००८ साली बोगोटालगतच्या सोआचा या शहरातील गरीब वस्त्यांमधून काही तरुण कामाच्या आमिषाने नेले गेले. पुढे शेकडो किलोमीटर दूर ओकान्या परिसरात त्यांची प्रेते पुरलेली आढळली. लष्कराच्या कागदोपत्री मात्र ते चकमकीत ठार झालेले बंडखोर होते. मारलेल्या शत्रूंची संख्या वाढवून दाखविणाऱ्यास बक्षिसी व रजा मिळत असे. त्यासाठी निरपराध नागरिकांचे बळी घेतले जात होते.

आपली मुले बंडखोर नव्हती, हे त्या तरुणांच्या आया वर्षानुवर्षे सांगत राहिल्या. अनेक माहितीसंच एकमेकांशी ताडून विशेष शांतता न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केले, की २००२ ते २००८ या काळात किमान ६,४०२ व्यक्तींना अशा रीतीने ठार मारून लढाईतील बळी म्हणून दाखविण्यात आले. केवळ लष्करी नोंदी वाचणाऱ्या यंत्राने हे सारे बंडखोरच ठरविले असते. त्या नोंदींच्या शेजारी आईची साक्ष ठेवली गेली, म्हणून खोटे उघडे पडले. यंत्रापुढे कोणाचे कागद ठेवावयाचे, हा निर्णय माणसांचाच असतो.

मातीखालचा शोध

मृतांची संख्या कळली तरी अवशेष मिळत नाहीत. मेक्सिकोत बेपत्ता म्हणून नोंदलेल्या व्यक्तींची संख्या मे २०२२ मध्ये एक लाखावर गेली. तेथे बेपत्ता मुलांच्या आया लोखंडी सळई जमिनीत ठोकतात, बाहेर काढून तिचा वास घेतात आणि खाली काही पुरले असावे काय, हे ताडतात. पॅट्रिक बॉल यांच्या संस्थेने तेथील एका संशोधन संस्थेच्या आणि एका विद्यापीठाच्या सहकार्याने या शोधाला संगणकाची जोड दिली. जेथे गुप्त दफनस्थळे सापडली आहेत अशा नगरपालिका क्षेत्रांची भौगोलिक व सामाजिक लक्षणे संगणकाला शिकविण्यात आली. अद्याप दफनस्थळ न सापडलेल्या क्षेत्रांपैकी त्याच लक्षणांची क्षेत्रे कोणती, हे मग त्याने दाखविले. शोध कोठे आरंभावा याची दिशा त्यामुळे मिळते. खोदकाम, ओळख पटविणे आणि अवशेष कुटुंबाच्या स्वाधीन करणे ही कामे माणसांनाच करावी लागतात.

नाण्याची दुसरी बाजू

हेच तंत्रज्ञान शांततेच्या मुळावरही येऊ शकते. म्यानमारमध्ये २०१७ साली झालेल्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात आश्रय घ्यावा लागला. या द्वेषाच्या प्रसारात फेसबुक या माध्यमाचा मोठा वाटा होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ साली नमूद केले. हिंसेला चिथावणी देण्यासाठी होणारा वापर रोखण्यास आपले प्रयत्न पुरेसे नव्हते, अशी कबुली त्या कंपनीने त्याच वर्षी दिली.

द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्याचे काम यंत्राकडे सोपवावे, तर तेथे भाषेचा अडसर होता. बर्मी मजकूर मोठ्या प्रमाणावर 'झॉजी' या जुन्या फाँटमध्ये लिहिला जात असे आणि तो युनिकोडशी जुळत नसे. जुन्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताच चिन्हांची रांगोळी होते, हा अनुभव मराठी कार्यालयांना नवा नाही. म्यानमारने १ ऑक्टोबर २०१९ पासून युनिकोडचा अधिकृत स्वीकार केला. परंतु ज्या भाषेची लिपी यंत्राला नीट वाचता येत नाही, त्या भाषेतील विष त्याला दिसत नाही, हा धडा तोपर्यंत फार मोठी किंमत देऊन मिळालेला होता.

नियमांची चौकट

या अनुभवांमुळे जागतिक पातळीवर काही नियमांची आखणी झाली आहे. युनेस्कोच्या सदस्य राष्ट्रांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिकतेविषयीची शिफारस स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ मार्च २०२४ रोजी या विषयावरील ठराव मतदानाविना संमत केला. माणसाला प्रत्यक्ष जीवनात असलेले हक्क संगणकीय व्यवहारांतही अबाधित राहिले पाहिजेत, हे तत्त्व त्यात मान्य करण्यात आले. कृत्रिम बुद्धिमत्ता व मानवी हक्क यांविषयी युरोप परिषदेने तयार केलेला करार ५ सप्टेंबर २०२४ रोजी स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला.

नियम आवश्यक आहेतच. परंतु कोलंबियाच्या अनुभवातून त्याहून साधी अशी तीन पथ्ये हाती लागतात. सर्व पक्षांच्या नोंदी घ्याव्यात. निष्कर्षाइतकीच त्यातील अनिश्चितताही उघड सांगावी. आणि साक्ष देणाऱ्याच्या सुरक्षिततेला माहितीहून अधिक मोल द्यावे. बळींची यादी चुकीच्या हाती पडली, तर तीच नव्या बळींची यादी ठरू शकते.

सर्वच सशस्त्र गट २०१६ च्या करारात सहभागी नव्हते. त्यामुळे कोलंबियातील हिंसाचार पूर्णतः थांबला असे म्हणता येत नाही. तरीही तेथे आता एक गोष्ट पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. जे घडले ते घडलेच नाही, असे म्हणावयाचे झाल्यास बोलणाऱ्याला ११२ याद्यांना उत्तर द्यावे लागेल. यंत्राने त्या याद्या जोडून दिल्या. पण त्यांतील पहिली ओळ लिहिली गेली ती कोणीतरी भीती बाजूस सारून एखाद्या कार्यालयाच्या दारात गेले आणि आपल्या माणसाचे नाव सांगून आले म्हणून. ते नाव लिहून घेणाऱ्या कारकुनाने ते नीट, पूर्ण आणि खरे लिहावे, येथूनच शांततेच्या कार्याला प्रारंभ होतो.